वाफ कुणाची, शिट्टी कुणाची?

अमेरिकेत वाफेच्या इंजिनांच्या जुन्या शिट्ट्या गोळा करणारे लोक आहेत. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, तसे हे शिट्ट्या जमवतात. शिट्टी म्हणजे गार्डाच्या खिशातली नव्हे. बॉयलरवर बसवलेली, पितळेची किंवा काशाची, मोठी असेल तर दोन्ही हातांनी उचलावी लागेल अशी ती वजनदार वस्तू. तिच्या अंगावर कारखान्याचे नाव असते : बोस्टनची क्रॉस्बी, सिनसिनाटीची लुंकेनहायमर, नेथन, स्टार ब्रास. आपल्याकडे गवय्यांची घराणी सांगावीत तशी ही नावे संग्राहक सांगतात. कुठली शिट्टी कुठल्या इंजिनावर होती, ते इंजिन कुठल्या मार्गावर धावत होते आणि तिची दोरी कुणाच्या हातात होती, याच्या वंशावळी ते मांडतात. वंशावळीची गोष्ट निघाली की आपण कान टवकारले पाहिजेत. कारण वंशावळीत कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे आपल्याला अनुभवाने आधी दिसते.

या विषयावर या पानांत लिहायचे कारण काय, असे वाचक विचारतील. पोट भरलेल्यांचा हा छंद आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे प्रथम मलाही वाटले होते. पण या शिट्ट्यांचा इतिहास वाचत गेलो, तसा त्यात मला एक ओळखीचा माणूस दिसू लागला. तो इंजिनाच्या डाव्या बाजूला, भट्टीच्या तोंडाशी, हातात फावडे घेऊन उभा आहे. त्याचा रंग काळा आहे आणि तो केवळ कोळशामुळे काळा झालेला नाही.

माझे बालपण पूर्णा जंक्शनच्या आसपास गेले. तेव्हा मनमाड–काचीगुडा मार्ग मीटरगेज होता आणि वायपी, वायजी जातीची वाफेची इंजिने पूर्णेच्या शेडमध्ये येत. आमच्या गल्लीतले एक मामा फायरमन होते. पहाटे शिट्टी झाली की अंथरुणातूनच ते सांगत, आज गाडीवर अमका ड्रायव्हर आहे. दोरी ओढण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. एकजण तुटक ओढी, दुसरा लांबवून शेवटी सोडताना आवाज वाकवी. आम्हा पोरांना त्याचे फार कौतुक. मामांना मात्र तेवढे नव्हते. ते म्हणत, त्याने शिट्टी ओढली की इकडे काटा खाली येतो. काटा म्हणजे वाफेच्या दाबाचा काटा. शिट्टीला वाफ लागते, आणि खालावलेली वाफ पुन्हा चढवायची तर फावडे चालवावे लागते. मामांचे हे वाक्य तेव्हा मला कळले नव्हते. पुढे अमेरिकेतील रेल्वेचा इतिहास वाचताना ते कळले.

शिट्टीची रचना साधी आहे. खाली वाटीसारखा भाग, त्याच्या काठाशी अरुंद गोल फट, आणि वर उपडी घातलेली नळकांड्यासारखी घंटा. दोरी ओढली की झडप उघडते, वाफ फटीतून जोराने वर उसळते, घंटेच्या धारेवर आपटते आणि आतला स्तंभ कंप पावतो. घंटा लांब तर आवाज खर्जाचा, आखूड तर चढा. आत पडदे घालून वेगवेगळ्या लांबीचे कप्पे केले की एकाच वेळी तीन, पाच, सहा स्वर निघतात. १८३३ च्या सुमारास वेल्समधील डाउलेसच्या लोखंड कारखान्यात एड्रियन स्टीफन्स याने बॉयलरवर अशी शिट्टी बसवली. बॉयलरमधले पाणी कमी झाले की इशारा मिळावा, एवढाच हेतू. म्हणजे ही शिट्टी जन्मली ती कामगाराचा जीव वाचवण्यासाठी. पुढे ती इंजिनावर चढली आणि ड्रायव्हरच्या मिजाशीची वस्तू झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत अनेक ड्रायव्हर स्वतःची शिट्टी बाळगत. इंजिन बदलले की जुन्या इंजिनावरून ती काढून नव्यावर बसवत. दोरी कमी-अधिक ताणून स्वर चढवायचे-उतरवायचे, वाकवायचे, याला तिकडे 'क्विलिंग' म्हणत. रुळांकाठची माणसे आवाजावरून ड्रायव्हर ओळखत. आज संग्राहकांना हव्या असतात त्या याच शिट्ट्या. दक्षिणेतील सदर्न रेल्वेच्या लांब घंटेच्या तीन स्वरी शिट्टीला तर फारच मान आहे. इंजिने भंगारात निघाली तेव्हा पितळ वजनावर विकले गेले. काही शिट्ट्या रेल्वेच्या माणसांनी घरी नेल्या, काही भंगारवाल्याकडून सोडवल्या गेल्या. पुढे त्या एकत्र आणून बॉयलरला जोडून वाजवण्याचे मेळे भरू लागले. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये १९६५ पासून २०१४ पर्यंत दर ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री कॉनरॅड मिल्स्टर हे तिथले मुख्य इंजिनिअर जुन्या शिट्ट्या वाफेवर वाजवत आणि हजारो लोक ऐकायला जमत. ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिने नुसती टिपली नाहीत, त्यांचे आवाजही ध्वनिमुद्रित करून तबकड्या काढल्या. ही माणसे मनापासून काम करणारी होती. त्यांच्यामुळे एक आवाज जगातून नाहीसा झाला नाही, हे मान्य केले पाहिजे. माझी तक्रार जतनाविषयी नाही. जतन केलेल्या वस्तूखाली जी पाटी लावली जाते, तिच्याविषयी आहे.

सर्वांत प्रसिद्ध शिट्टीचेच उदाहरण घेऊ. जॉन ल्यूथर जोन्स ऊर्फ केसी जोन्स हा इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा ड्रायव्हर. त्याची शिट्टी सहा नळ्यांची होती आणि तो ती अशी ओढी की व्हिपुअरविल नावाचा रातवा जातीचा पक्षी घुमत असल्याचा भास होई, असे सांगतात. ३० एप्रिल १९०० च्या पहाटे तो मेम्फिसहून कॅन्टनला जाणारी उतारूंची गाडी घेऊन निघाला होता. गाडी तास-दीड तास उशिरा सुटली होती आणि तो वेळ भरून काढीत सुसाट चालला होता. मिसिसिपी राज्यात व्हॉन या ठिकाणी सायडिंगमध्ये न मावलेल्या मालगाडीचे शेवटचे डबे मुख्य मार्गावर राहिले होते. केसीने फायरमनला उडी मारायला सांगितले आणि स्वतः ब्रेक धरून बसला. गाडीचा वेग पुष्कळ उतरला. धडक झाली ती केसी जोन्सचा प्राण घेऊन. एकही उतारू मेला नाही. प्रेत सापडले तेव्हा एक हात शिट्टीच्या दोरीवर आणि दुसरा ब्रेकवर होता, असे दंतकथा सांगते. रेल्वेच्या अहवालाने मात्र निशाणवाल्याचे इशारे न मानल्याचा दोष केसीवर ठेवला.

या माणसाच्या धैर्याविषयी मला शंका घ्यायची नाही. तो मरायला तयार झाला म्हणून इतर वाचले. पण त्या इंजिनावर दोघे होते. ज्याला त्याने उडी मारायला सांगितले तो फायरमन सिम वेब हा काळा माणूस होता. वेळ भरून काढायची म्हणजे वाफ हवी, आणि त्या रात्री मेम्फिसपासून व्हॉनपर्यंत ती वाफ सिम वेबच्या फावड्यातून येत होती. केसीच्या वेगाचे आजवर जेवढे गोडवे गायले गेले, तो वेग या दोघांचा होता. उडी मारून वेब बेशुद्ध पडला, वाचला, आणि पुढे ५७ वर्षे जगला.

आणखी एक काळा माणूस या कथेत आहे. त्याचे नाव वॉलेस सॉन्डर्स. कॅन्टनच्या शेडमध्ये इंजिने पुसण्याचे काम तो करी. केसीला तो ओळखत होता. अपघातानंतर त्याने केसीवर एक गाणे रचले आणि शेडमध्ये काम करता करता ते म्हणू लागला. गाणे तोंडोतोंडी पसरले, तमाशासारखे खेळ करणाऱ्या गोऱ्या नटांपर्यंत गेले आणि १९०९ साली छापून बाजारात आले. त्यावर शब्दकार म्हणून टी. लॉरेन्स सायबर्ट आणि संगीतकार म्हणून एडी न्यूटन यांची नावे होती. सॉन्डर्सला गाण्याचा हक्क मिळाला नाही. त्याच्या वाट्याला दारूची एक बाटली आली, असे लोक सांगत आले आहेत. बाटलीची गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातला हिशेब आपल्याला परका नाही. आपल्या शाहिरांच्या कवनांवर आणि हलगीवर कुणाकुणाचे फड उभे राहिले, हे या पानांचे वाचक जाणतात.

केसी जोन्सवर १९५० साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिकीट काढले. १९५६ साली टेनेसी राज्यातल्या जॅक्सन गावी त्याच्या घराचे संग्रहालय झाले. त्या वेळी सिम वेब हयात होता. दुसऱ्या वर्षी, १९५७ साली, तो मेम्फिसमध्ये वारला.

दक्षिणेत काळे फायरमन काही अपवाद म्हणून नव्हते. गुलामगिरीच्या काळापासून रेल्वेचे उष्ण, घाणेरडे, अंगमोडीचे काम काळ्यांकडे होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कित्येक मार्गांवर बहुसंख्य फायरमन काळेच होते. उत्तरेत फायरमन हा उद्याचा ड्रायव्हर मानला जाई. काही वर्षे फावडे चालवले, इंजिन समजून घेतले, की माणूस उजव्या बाजूच्या बाकावर बसे. दक्षिणेत काळा फायरमन वीस वर्षे, तीस वर्षे भट्टीसमोर उभा राही, इंजिनाची नस अन् नस ओळखी, नव्या गोऱ्या पोराला काम शिकवी आणि पुढे तेच पोर त्याचा साहेब होई. काळ्याला ड्रायव्हर करायचे नाही, हा तिथला अलिखित नियम. म्हणजे शिट्टीची दोरी त्याच्या हातात येणारच नव्हती. मग त्याच्या नावाची शिट्टी संग्रहात कुठून असणार?

शिकलेल्या काळ्यालाही यातून सुटका नव्हती, आणि ही गोष्ट केवळ दक्षिणेपुरती नव्हती. एलायजा मकॉय हा पळून कॅनडात गेलेल्या गुलामांचा मुलगा स्कॉटलंडमध्ये यंत्रशास्त्र शिकून आला. मिशिगन सेंट्रल रेल्वेने त्याला इंजिनिअरची जागा दिली नाही. फायरमन आणि तेल घालणारा म्हणून ठेवले. गाडी थांबवून पुन्हा पुन्हा तेल घालण्याच्या त्या कामातूनच त्याने वाफेच्या यंत्राला आपोआप तेल पुरवणारे साधन शोधले आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. बुद्धी नाही म्हणून खाली ठेवले, हे म्हणणारे नेहमीच बुद्धीचा पुरावा हातात असताना ते म्हणत आले आहेत.

गोऱ्या फायरमनांचे 'ब्रदरहूड' होते. ब्रदरहूड म्हणजे बंधुभाव. या बंधुभावाच्या घटनेतच सभासद गोरा असला पाहिजे, अशी अट होती. १९०९ च्या मे महिन्यात जॉर्जिया रेल्वेवर गोऱ्या फायरमनांनी संप केला. मागणी पगारवाढीची नव्हती; काळ्यांना काढा, ही होती. लवाद नेमला गेला. लवादाने काळ्यांना काढायला नकार दिला, पण काळ्या-गोऱ्यांना समान वेतन द्यावे असे सांगितले. कानाला हा न्याय वाटतो. गोऱ्यांच्या ब्रदरहूडने मात्र यात आपला विजय पाहिला. कारण कंपन्या काळ्यांना ठेवत होत्या त्या स्वस्त म्हणून. स्वस्ताई गेली की त्यांना ठेवायचे कारणच राहणार नाही, असा तो हिशेब. समतेचा शब्द हिशेबाने वापरला तर त्याचेही हत्यार होते. राखीव जागांविरुद्ध आपल्याकडे समान संधीचा धोशा लावणारे हेच करतात.

फावड्याचे काम तोवर कष्टाचे होते म्हणून काळ्यांकडे राहिले होते. पुढे मोठ्या इंजिनांवर यांत्रिक स्टोकर आले. कोळसा यंत्राने भट्टीत जाऊ लागला. नंतर डिझेलची चाहूल लागली आणि फायरमनला बाकावर बसून काचेकडे पाहणे एवढेच उरणार, असे दिसू लागले. काम जसजसे स्वच्छ होत गेले तसतसे ते गोऱ्यांचे होऊ लागले. त्यात १९२९ नंतरची मंदी आली. १९३१ ते १९३४ या काळात मिसिसिपीत इलिनॉय सेंट्रलच्या काळ्या फायरमनांवर आणि ब्रेकमनांवर दबा धरून गोळ्या झाडल्या गेल्या. सुमारे दहा माणसे मारली गेली. कारण एकच : माणूस मेला की जागा रिकामी होते. ज्या कंपनीच्या, ज्या राज्यातल्या रुळांवर केसी जोन्सची शिट्टी घुमली, त्याच ठिकाणची ही कथा आहे. संग्राहकांच्या कथनात १९०० ची पहाट येते; १९३१ ते १९३४ च्या रात्री येत नाहीत.

गोळ्यांनी जे पूर्ण झाले नाही ते करारांनी करायचे ठरले. १९४० साली ब्रदरहूडने आग्नेयेकडील २१ रेल्वे कंपन्यांना नोटीस दिली आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये करार झाला. कुठल्याही वर्गाच्या कामावर काळ्या फायरमनांचे प्रमाण अर्ध्यापेक्षा जास्त असू नये, आणि नव्या कामांवर केवळ 'बढतीयोग्य' माणसेच घ्यावीत. बढतीयोग्य कोण? जो ड्रायव्हर होऊ शकतो तो. ड्रायव्हर कोण होऊ शकतो? गोरा. म्हणजे आधी बढती द्यायची नाही, आणि मग बढती मिळत नाही म्हणून नोकरीही द्यायची नाही. मनूला इतक्या सफाईने लिहिता आले असते का, कोण जाणे!

या कराराखाली एप्रिल १९४१ मध्ये बेस्टर विल्यम स्टील या लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेच्या काळ्या फायरमनला उतारूंच्या गाड्यांवरील चांगल्या जागेवरून हटवले आणि त्याच्यापेक्षा कमी ज्येष्ठतेच्या गोऱ्यांना तिथे आणले. स्टील कोर्टात गेला. अलाबामाच्या न्यायालयांनी त्याला परत पाठवले. त्याची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी. थरगुड मार्शल यांच्यासारख्या वकिलांची पिढी घडवणारा हा काळा कायदेपंडित होता. १८ डिसेंबर १९४४ रोजी निकाल लागला : जी युनियन कायद्याने सर्वांच्या वतीने बोलते, तिने सभासद नसलेल्यांचेही न्याय्य प्रतिनिधित्व केले पाहिजे. युनियनने काळ्यांना सभासद करून घ्यावे, अशी सक्ती मात्र न्यायालयाने केली नाही. म्हणजे पंगतीत बसू देणार नाही, पण वाढताना भेद करू नका, असा तो निकाल. तरी पुढच्या पुष्कळ लढ्यांना या निकालाने पायरी दिली.

आणि आता एक तारीख पाहा. अमेरिकेतील मोठ्या रेल्वेंपैकी वाफेला शेवटपर्यंत धरून राहिलेल्या नॉरफोक अँड वेस्टर्नने १९६० साली वाफेची इंजिने बंद केली. नोकरीत वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४ चा. ड्रायव्हरची जागा काळ्या माणसाला कायद्याने खुली झाली, तोवर वाफेची शिट्टीच संपली होती.

आपल्याकडचे चित्र असेच होते आणि वेगळेही होते. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे तिथले प्रतिपादन सर्वांना पाठ आहे. पण त्याच भाषणातला रेल्वेच्या नोकरीचा तपशील फारसा कुणी उद्धृत करीत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला वर जायला वाट नाही, हे त्यांनी दाखवले. त्याला साधे पोर्टरही करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि मास्तर सवर्ण असतो. शेड आणि वर्कशॉपमधल्या कारागिरीच्या जागांची तीच गत.

इथे जरा थांबून तुलना करण्याजोगे आहे. अमेरिकेत पुलमन डब्यांतला पोर्टर हा काळाच असे. गोऱ्याची गादी घालायची, बूट पुसायचे, त्याची हाक ऐकायची, हे काळ्याचे काम ठरलेले. त्याच पोर्टरांची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ पासून बांधली. आपल्याकडे त्या पोर्टरच्या जागेलाही अस्पृश्याचा स्पर्श नको. वर्ण आणि जात यांचा अभ्यास करणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. तिथे चाकरी करून घेण्यासाठी माणूस जवळ हवा होता. इथे चाकरीतही विटाळ होता, म्हणून त्याला रुळांवर, उन्हात, दूर ठेवले. पण इंजिनाच्या उजव्या बाकापासून दोघेही सारख्याच अंतरावर होते.

शिट्टीच्या जतनाकडे परत येऊ. शिट्ट्या केवळ गोऱ्या संग्राहकांनी जपल्या, असे मी आतापर्यंत लिहीत आलो. ते अर्धेच खरे आहे. टेनेसीत १८९९ साली जन्मलेला डीफोर्ड बेली हा काळा मुलगा. आजोबा गुलाम होते. लहानपणी पोलिओ झाला, अंग खुजे राहिले. घराजवळच्या रुळांवरून जाणारी गाडी ऐकत त्याने माउथ ऑर्गनवर ती वाजवायला शिकून घेतली : चाकांचा ठेका, चढावर लागणारी धाप, आणि लांबून येऊन लांब जाणारी शिट्टी. लुईव्हिल अँड नॅशव्हिलची पॅन अमेरिकन ही गाडी त्याने १९२७ साली तबकडीवर आणली. त्याच वर्षी १० डिसेंबरला नॅशव्हिलच्या डब्ल्यू.एस.एम. रेडिओवर त्याने ती वाजवली आणि त्या रात्री निवेदक जॉर्ज हे यांनी कार्यक्रमाला जे नाव दिले, ते 'ग्रँड ओल ऑप्री' आजही चालू आहे. १९३३ पासून हाच रेडिओ रुळांलगत मायक्रोफोन ठेवून रोज खऱ्या पॅन अमेरिकनची शिट्टी थेट ऐकवू लागला. पण काळ्या माणसाच्या श्वासातून ती सहा वर्षे आधीच घरोघर पोचली होती.

बेली ऑप्रीचा तारा होता. दौऱ्यावर मात्र गोऱ्या सोबत्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१ साली त्याला काढून टाकण्यात आले. गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ कंपन्यांचे भांडण चालू होते, ते एक कारण सांगतात. हेसाहेबांनी नंतर पुस्तकात त्याच्या आळसावर बोट ठेवले. त्याने नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. १९८२ साली तो गेला आणि २००५ साली त्याला कंट्री संगीताच्या सन्मानमंडळात जागा दिली. साल पुन्हा वाचावे : १९४१. त्याच वर्षी लुईव्हिल अँड नॅशव्हिलने आपल्या इंजिनावरून बेस्टर स्टीलला चांगल्या जागेवरून उतरवले होते. एकाने त्या रेल्वेची वाफ केली, दुसऱ्याने तिची शिट्टी जपली.

संग्राहकांच्या जगातली एक अडचण इथे सांगतो, कारण तिच्यातून बरेच कळते. घरी बॉयलर ठेवणे सोपे नाही, म्हणून पुष्कळजण आपली शिट्टी दाबाच्या हवेवर वाजवून पाहतात. शिट्टी वाजते, पण तिचा स्वर चांगलाच खाली येतो. तापलेल्या वाफेत ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा बराच अधिक असतो, म्हणून त्याच घंटेतून वाफेवर चढा आणि हवेवर उतरलेला स्वर निघतो. जुने रेल्वेवाले ऐकून लगेच म्हणतात, ही ती नव्हे. पितळ तेच, कप्पे तेच, दोरी तीच. पण आवाज त्या इंजिनाचा नाही. तो हवा असेल तर पाणी उकळावे लागते, आणि पाणी उकळायला कुणीतरी भट्टीशी उभे राहावे लागते. जॅक्सनच्या, ब्रुकलिनच्या, कुठल्याही शिट्टीखालची पाटी लिहिताना दोरी ओढणाऱ्याच्या नावाशेजारी त्या मार्गावरच्या फायरमनांची नावे लिहिता येतील. पगाराच्या वह्या, ज्येष्ठतेच्या याद्या, कोर्टाचे कागद यांत ती आहेत. स्टीलचे नाव तर एका खटल्याचेच नाव आहे.

आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची वाहतूक १९९५ साली संपली. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात इंजिने उभी आहेत, रंगवलेली, चकचकीत. त्यांच्यावर काम केलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. भुसावळ, मनमाड, दौंड, सोलापूर, पूर्णा, जिथे जिथे शेड होते तिथे त्या शेडच्या मागे आपल्या वस्त्या होत्या आणि आहेत. महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या मित्रांनी दोन-दोन विद्यार्थ्यांना वही आणि फोनवरचे ध्वनिमुद्रण घेऊन तिकडे पाठवावे. प्रश्न फार मोठे नकोत. कुठल्या साली लागलात, काय म्हणून लागलात. खलाशी की गँगमन की फायरमन. पाण्याचा माठ सगळ्यांचा एक होता का. डबा कुणाबरोबर खाल्लात. बढतीच्या परीक्षेला कोण कोण बसले. ड्रायव्हरने शिट्टी ओढली की तुम्हाला प्रथम काय दिसे.

आमचे मामा आता नाहीत. त्यांना मी यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.